हरिहरेश्वरच्या काकूंची तपासणी

हरिहरेश्वरला माणसं देवासाठी जातात, नाहीतर सुपारीसाठी. मी कशासाठी निघालो होतो ते सांगितलं की वाटेतला प्रत्येक जण मला पुन्हा एकदा विचारून खात्री करून घ्यायचा. एका बाईंना रोजच्या कामांतलं काय काय जमतं, एवढं पाहायला मी मुंबईहून निघालो होतो.

या बाई म्हणजे माझ्या मित्राची, वासुदेवाची आई. वासुदेव गिरगावात आमच्याच चाळीत, तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याच्या आईला काही वर्षांपासून कंपवात झालेला. आम्ही डॉक्टर लोक त्याला पार्किन्सनचा रोग म्हणतो. हात कापतो, चाल आखडते, चेहरा हलेनासा होतो, आवाज खोल जातो. त्यावर औषध म्हणावं असं आमच्याजवळ काही नाही. बेलाडोनाचे थेंब देतो. त्याने रोग्याचं तोंड कोरडं पडतं आणि डॉक्टराला आपण काहीतरी केलं असं वाटतं. पण वासुदेवाला औषध नकोच होतं, निकाल हवा होता. आईला मुंबईला आणावं असं त्याचं म्हणणं. गाव सोडलं तर ती महिनाभरही काढणार नाही, असं त्याच्या वडिलांचं, अण्णांचं.

"तू जा," वासुदेव म्हणाला. "तिला काय जमतं, काय नाही, डोळ्यांनी बघून ये. तू सांगशील ते मी ऐकेन. अण्णांनीही कबूल केलंय."

मी सांगेन ते ऐकायला दोन माणसं एकदमच तयार झाल्याचा माझ्या आयुष्यातला हा पहिला प्रसंग. दवाखाना उघडल्याला वर्ष होत आलं होतं आणि रोग्यांपेक्षा पत्ता विचारणारेच तिथे जास्त यायचे. मी त्याच दिवशी बॅग भरली.

चौल आणि रेवदंडा

मुंबईहून आगबोट थेट श्रीवर्धनला जाते. तिथून हरिहरेश्वर जवळच. पण मला समुद्र लागतो. मी सातारा जिल्ह्यातला, आमच्याकडे पाणी विहिरीत असतं आणि ते हलत नाही. म्हणून मी खुष्कीचा रस्ता धरला. रेवसपर्यंत तेवढी लाँच, पुढे मोटार, टांगा, बैलगाडी. कोकणात खुष्कीचा रस्ता म्हणजे एका खाडीपासून दुसऱ्या खाडीपर्यंतचा रस्ता, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एका होडीला भिऊन मी चार होड्यांत बसलो.

चौल मात्र पाहावं. दोन्ही बाजूंना वाड्या, नारळ वर आणि सुपारी खाली, मधून टांगा जातो तो भरदुपारी सावलीतून. एकेकाळी इथे लांबलांबची गलबतं लागत, असं टांगेवाला सांगत होता. आता बंदर गाळाने भरलंय आणि देवळं तेवढी राहिलीत. त्याच्याच ओळखीच्या वाडीत मी मुक्काम केला. पौषाचे दिवस होते. संध्याकाळी त्या लोकांनी पोपटी लावली. पोपटी म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, मीठ, ओवा घालून मडकं उपडं करायचं आणि भोवती जाळ करायचा. पाणी नाही, तेल नाही. मडकं फोडलं की जो वास येतो तो एकदा घेतलेला माणूस पुढच्या थंडीची वाट बघत बसतो. आमच्या घाटावर हुरड्याला जे स्थान, ते इकडे पोपटीला. मी हुरड्याच्या हिशेबाने खाल्ली. वाल हे हुरड्यापेक्षा जड असतात. दुसऱ्या दिवशी रेवदंड्याची खाडी ओलांडताना होडीतल्या बाया माझ्याकडे बघून लुगड्याच्या पदराआड हसत होत्या, एवढंच सांगतो.

आगरदांडा

मुरुडच्या पुढे आगरदांड्याला मोठी खाडी लागते. पलीकडे दिघी. शिडाची होडी होती. मी तिच्यात पाय ठेवला आणि सवयीने उभाच राहिलो.

"डाक्टर, बसा खालती," होडीवाला म्हणाला. "उभं ऱ्हायाचं न्हाय."

"मी धरून उभा आहे."

"तुमी धरलंय ता शिडाचा दोर हाय. ता मना सोडायचा हाय."

मी बसलो. मग त्याने विचारलं, दुखणं कोणाला आहे, आणि मी कंपवाताचं वर्णन सांगू लागलो. हात कसा कापतो, पावलं कशी अडकतात, हे सांगताना खाडीच्या मधोमध वारा लागला. माझा चेहरा पाहून होडीवाल्याने गंभीरपणे विचारलं, "ह्यो रोग लागट हाय का?" मी नाही म्हटलं. त्यानंतर मी बोलू शकलो नाही. डावीकडे डोंगर, उजवीकडे दूरवर पाण्यात उभा जंजिरा, वर निळं आभाळ, असं सगळं फार सुंदर होतं असं माझ्याबरोबरचे उतारू सांगत होते. मी होडीचा तळ पाहिला. तोही सागवानी आणि नीट बांधलेला होता.

हरिहरेश्वर

दिघीपासून बैलगाडीने श्रीवर्धन, तिथून हरिहरेश्वर. अण्णांचं घर देवळापासून हाकेच्या अंतरावर. पुढे ओटी, मग माजघर, मागे पडवी, आणि पडवीमागे सुपारीची वाडी उतरत उतरत समुद्राकडे गेलेली. अण्णा साठीच्या पलीकडचे, काटक, उघडेबंब, गळ्यात जानवं. काकू ओटीवर झोपाळ्याशेजारी बसल्या होत्या. उजव्या हाताचा अंगठा बोटांवर सारखा फिरत होता, वाती वळाव्यात तसा. गावातल्या बायकांना पहिलं वर्षभर तसंच वाटलं होतं म्हणे, की काकू बसल्या बसल्या वाती वळताहेत; फक्त कापूस दिसत नाही.

मी चहाही न घेता तपासणी सुरू केली. अडचण लगेच आली. हॉस्पिटलात आम्ही असल्या रोग्यांना ठरलेले प्रश्न विचारतो: कोटाची बटणं लावता का, बुटाची नाडी बांधता का, सही पूर्वीसारखी येते का. काकूंनी जन्मात कोट घातला नव्हता. बूटही नाही. सही येत नव्हती, पण ती दुखण्यामुळे नव्हे; त्यांना लिहायला कोणी शिकवलंच नव्हतं. माझं सगळं शास्त्र पहिल्या तीन प्रश्नांत संपलं. मग मी जमेल तसे प्रश्न तयार करू लागलो.

"काकू, स्वयंपाक करता?"

"करते की," अण्णा म्हणाले.

"वेणीफणी?"

"तीही करते. बघा ना खोपा." खोपा खरंच घातलेला होता. जरा एका बाजूला होता, पण होता.

"लुगडं स्वतः नेसता?"

"हे काय विचारणं झालं?" अण्णा जरा रागावलेच. "नेसते म्हणजे, नेसते."

प्रत्येक प्रश्नाला काकूंचे ओठ थोडे हलत. पण तोवर अण्णांचं उत्तर मिळालेलं असे आणि मी पुढच्या प्रश्नावर गेलेला असे. त्यांचा चेहरा अगदी शांत. डोळे मात्र माझ्याकडे. मी मनाशी नोंद केली: बुद्धी थोडी मंदावलेली दिसते.

मग त्यांना चालायला सांगितलं. ओटीवरून त्या बऱ्या निघाल्या. माजघराच्या उंबरठ्यापाशी आल्या आणि थांबल्या. पाय जमिनीला खिळल्यासारखे. टाचा तेवढ्या थरथरत होत्या. तेवढ्यात अण्णांनी मागून येऊन आपलं पाऊल त्यांच्या पावलापुढे आडवं टाकलं.

"अहो, पाडाल त्यांना!" मी ओरडलो.

काकूंनी ते पाऊल ओलांडलं, त्याबरोबर उंबरठाही ओलांडला, आणि आत निघून गेल्या. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मी घसा साफ केला.

जेवताना आणखी एक नवल पाहिलं. आमच्याकडे पुरुषांची पंगत आधी, बायका मागून. इथे अण्णा काकूंना शेजारी पाट मांडून बरोबर जेवायला बसवत होते. आमसुलाचं सार, वालाचं बिरडं, वर ओलं खोबरं. स्वयंपाकाला शेजारच्या गोदावहिनी 'आज पाहुणे म्हणून' आल्या होत्या. एवढ्या आडगावी नवराबायको एका पंगतीला! मी अण्णांचं सुधारक म्हणून तोंडभर कौतुक केलं. ते खाली मान घालून काकूंचा भात कालवत होते.

रात्री अंथरुणावर पडेपर्यंत माझा निकाल तयार होता. घरातलं सगळं करतात. चालणं मात्र वाईट. मुंबईच्या चाळीचे तीन जिने त्यांना या जन्मी चढवणार नाहीत. इथे मोकळी हवा, समुद्राची गाज, ओळखीची माणसं. बाईंनी इथेच राहावं. अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझे दोन्ही हात धरले. इतकं समाधान मला डॉक्टर झाल्याच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

प्रदक्षिणा

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. अण्णा म्हणाले, "देवदर्शन आणि प्रदक्षिणा करून मग निघा. ही येते दर सोमवारी."

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा म्हणजे देवळाभोवती फेरी नव्हे. देवळामागे टेकडी चढायची, मग खडकाच्या कपारीतून पायऱ्या उतरत थेट समुद्रात जायचं आणि ओहोटी असेल तोवर लाटांच्या कडेने खडकांवरून वळसा घालून यायचं. तो खडक लाटांनी असा कोरलाय की जाळीदार घावन आठवावं. मी म्हटलं, काकूंना हे कसं जमणार? काल तर उंबरठा ओलांडेनात.

टेकडीच्या वाटेवर त्या दोनदा अडकल्या. पण कपारीपाशी पायऱ्या सुरू झाल्या आणि बाई चालू लागल्या. एक पायरी, दुसरी पायरी, तिसरी. न थांबता, न अडखळता, जणू उतरताहेत त्या दुसऱ्याच कोणी बाई. अण्णा नुसते हात धरून. मी मागून बघत होतो. सपाटीवर अडतात आणि पायऱ्यांवर नाही, हे काय आहे? म्हणून मी त्यांच्या पावलांवर नजर लावून उतरू लागलो. माझी स्वतःची पावलं कुठे पडताहेत हे त्या वेळी कोणीच पाहत नव्हतं.

शेवाळावरून माझा पाय गेला. मी बसल्या बसल्या उरलेल्या पायऱ्या उतरलो, वाटेत काकूंना ओलांडून, आणि खाली खडकावर घोटा मुरगळून थांबलो. वरून काकू तशाच शांत चेहऱ्याने माझ्याकडे बघत होत्या. त्यांचे खांदे हलत होते. कंप वाढला, असं मला वाटलं.

दोन माणसांनी मला खांद्यावर घालून घरी आणलं. गावभर झालं की म्हातारीला बघायला मुंबईचा डॉक्टर आला होता, तो म्हातारीनेच उचलून आणला. हे खरं नाही.

ओटीवरचे दिवस

घोटा भोपळ्यासारखा सुजला. मोडला नव्हता, पण पाय टेकवेना. मी ओटीवर अंथरूण धरलं. एका तासात ज्यांची तपासणी केली होती, त्यांच्याच घरात मला आता दिवसचे दिवस पडून राहावं लागलं. पाहुण्यापुढे माणसं एक दिवस सावरून वागतात. पडून असलेल्या पाहुण्याकडे कोण लक्ष देतो?

सकाळी जाग आली की माजघरातून अण्णांचा आवाज यायचा. "हात वर. हं. आता वळ. अगं, इकडून नव्हे. थांब, निऱ्या सुटल्या." मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, "वळ." नऊवारी लुगडं नेसवण्याची ती कसरत होती. नंतर पडवीत उन्हाला काकू बसायच्या आणि हा काटक म्हातारा दातांत आकडे धरून त्यांचा खोपा घालायचा. खोपा रोज वेगळ्या बाजूला जायचा. गोदावहिनी नसल्या तर भात हेच लावायचे, पाणी हेच ओढायचे, आणि कोणी ओटीवर आलं की घाईघाईने पळी काकूंच्या हातात द्यायचे.

एकदा त्यांनी मला बघताना पाहिलं. आकडे दातांतच होते.

"काय बघताय?" ते म्हणाले. आकडे काढून त्यांनी पुढचं वाक्य हळू म्हटलं. "वासूला सांगू नका. सांगितलंत तर तो तिला नेईल. आणि गावात कळलं तर... म्हातारपणी बायकोला लुगडं नेसवतो म्हणून हसतील लोक."

मी मान हलवली. मी तर त्यांना सुधारक ठरवलं होतं. ते पाट शेजारी मांडत होते कारण काकूंचा भात कालवायचा होता. माझ्या निकालातलं 'घरातलं सगळं करतात' हे वाक्य खरं होतं. फक्त करणारा दुसरा होता.

त्यातच अण्णांना एक दिवस श्रीवर्धनला जावं लागलं. माझ्यासाठी कुबडी आणायची होती आणि वासुदेवाला तार करायची होती. गोदावहिनी दुपारचं रांधायला येणार होत्या. अण्णा गेले आणि थोड्या वेळाने निरोप आला की गोदावहिनींच्या बहिणीचे दिवस भरलेत, त्या तिकडे गेल्या. घरात उरलो मी आणि काकू. दोघांना मिळून कामाचे पाय किती, ते मी मोजत बसलो नाही.

काकू उठल्या. माजघराच्या उंबरठ्याशी अडल्या. मी ओटीवरून सरपटत गेलो आणि अण्णांसारखा माझा चांगला पाय आडवा टाकला. त्या ओलांडून गेल्या. मला इतका आनंद झाला की मी सरपटत त्यांच्यामागे थेट स्वयंपाकघरात शिरलो, तोही पारोसा. एरवी या घरात ते चाललं नसतं.

"मी चूल पेटवतो," मी म्हटलं आणि फुंकणी घेतली. धूर झाला. खूप झाला. जाळ झाला नाही. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, ओठ हलवले आणि बऱ्याच वेळाने शब्द आला.

"सरका."

मी भिंतीशी सरकून बसलो. मग मी जे पाहिलं ते पुस्तकात वाचलेलं होतं, पण चुलीपुढे कधी पाहिलं नव्हतं. मांडीवर ठेवलेला हात थरथरायचा. तोच हात पळीकडे निघाला की वाटेत स्थिर व्हायचा. तांदूळ धुवायला त्यांना जो वेळ लागला त्यात आमची आई पुरणपोळी करते. मध्येच हात थांबे, नुसता हवेत. मग पुन्हा निघे. मी तीनदा 'मी करू का' म्हणायला तोंड उघडलं आणि धुराची आठवण होऊन मिटलं. ऊन ओटीवरून अंगणात गेलं. भूक अशी लागली होती की मला पोपटीही आठवेनाशी झाली. शेवटी भात झाला. कुळथाचं पिठलं झालं. थोडं सांडलं, थोडं उतू गेलं, पण उरलं ते दोघांना पुरून शिल्लक होतं.

जेवायला बसलो. मी सहज, बोलायचं म्हणून बोललो, "काकू, ही वाडी, हा समुद्र सोडून मुंबईला जाणं तुम्हाला जमायचं नाही, नाही का?" आणि पिठल्याचा मोठा घास तोंडात घातला.

पिठलं चुलीवरून नुकतंच उतरलेलं होतं. माझी जीभ भाजली, टाळू भाजला, डोळ्यांत पाणी आलं. घास गिळवेना, थुंकता येईना. त्यामुळे मी पुढचा प्रश्न विचारू शकलो नाही. हे घरात कदाचित पहिल्यांदाच घडलं असेल, की काकूंना कोणी प्रश्न विचारला आणि मग गप्प बसला.

ओठ हलले. थांबले. मग आवाज आला, पुटपुटल्यासारखा, पण शब्द अन् शब्द स्वच्छ.

"मला जायचंय मुंबईला."

मी घास तसाच गिळला.

"लग्न होऊन आले तेव्हापासून विहिरीचं पाणी ओढलं. आता हे ओढतात." बराच वेळ गेला. मी भाताची शितं गोळा करत राहिलो. "रात्री मला कूस वळता येत नाही. हे उठतात. दोनदा, तीनदा. दिवसा वाडी. माझ्याआधी हे जातील."

"अण्णांना हे सांगितलंत कधी?"

"मी बोलायला लागते," काकू म्हणाल्या, "तोवर दुसरं काही निघतं."

त्यांच्या बुद्धीविषयी मी मनाशी काय ठरवलं होतं ते आठवून माझे कान पिठल्यापेक्षा गरम झाले.

"आणि तिथं सून आहे," त्या म्हणाल्या. "तिला खोपा घालता येतो."

चेहरा तसाच, दगडात कोरल्यासारखा. पण खांदे हलत होते. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाई हसत होत्या. त्या दिवशी खडकावर मी बसून घसरत त्यांच्या बाजूने गेलो, तेव्हाही.

अण्णा

अण्णा संध्याकाळी कुबडी घेऊन आले. मी त्यांना सांगितलं. आधी विश्वास बसेना.

"ती म्हणाली? स्वतः?"

"स्वतः. मी वाट पाहिली." भाजलेल्या जिभेचं मी सांगितलं नाही. तेवढी अब्रू ठेवली.

ते काकूंपुढे जाऊन उकिडवे बसले. "अगं, खरं का हे? जायचंय तुला?" आणि लगेच, "तुला नाही करमायचं तिथे, मी सांगतो, तिथे..."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते थांबले. थांबणं त्यांना किती जड जात होतं ते त्यांच्या गळ्याच्या शिरांवरून दिसत होतं. काकूंचे ओठ हलले. आम्ही दोघे वाट पाहत राहिलो.

"जायचंय," काकू म्हणाल्या. "तुम्हीपण."

अण्णा उठले आणि वाडीत गेले. अंधार पडेपर्यंत सुपारीच्या गळलेल्या झावळ्या ओढत होते. मला वाटलं, माझ्या बोलण्याने एक घर बांधायच्या ऐवजी मोडलं. रात्रभर घोट्यापेक्षा तेच दुखलं.

सकाळी खोपा घालताना ते एकदम बोलले. माझ्याशी, पण काकूंच्या केसांकडे बघत. "मला वाटायचं, ही इथून हलली तर मरेल. म्हणून मी..." फणी थांबली. "मीच मरेन म्हणून असेल. पाऊस लागेपर्यंत जाऊन बघू. वाडी धाकट्या भावाला सांगतो. नाही पटलं तर परत येऊ." मग काकूंना, जरा मोठ्याने, जणू त्यांना ऐकूच येत नाही, "ऐकलंस का? दोघं जाऊ."

काकूंनी उत्तर द्यायला वेळ घेतला. अण्णांनी तो दिला. त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, पण अण्णांनी आकडा चुकीच्या जागी खुपसला आणि त्या 'अगं आई' म्हणाल्या ते ऐकू आलं.

आगबोट

परतताना खुष्कीचा रस्ता नको म्हटलं. कुबडी घेऊन चार होड्या कोण चढणार? श्रीवर्धनहून आगबोट धरली. किनाऱ्याला धक्का नाही. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहते आणि उतारूंना लहान होडीने तिच्यापर्यंत नेऊन शिडीने वर चढवतात. होडी खाली-वर, शिडी मागे-पुढे. अण्णांचा चेहरा उतरला. "हिला कसं चढवायचं?"

मी आता शहाणा झालो होतो. म्हटलं, "पायऱ्या आहेत ना? मग काळजी नको."

खलाशाने काकूंचा हात धरून पहिल्या पायरीवर ठेवला आणि त्या चढत गेल्या, एकेक पायरी, देवळामागच्या कपारीत उतरल्या होत्या तशा. मागून अण्णा. मग माझी पाळी. एक पाय चालत नव्हता आणि समुद्र तर मला लागतोच. खलाशांनी काखेत दोर घालून मला नारळाच्या पोत्यासारखा वर ओढला. वरून काकू बघत होत्या. खांदे हलत होते.

मुंबईपर्यंत त्या बाकावर स्वस्थ बसून समुद्र पाहत आल्या. अण्णा त्यांच्या शेजारी, माझं डोकं आपल्या मांडीवर घेऊन.

गिरगाव

चाळीच्या जिन्याविषयी मी जे भाकीत केलं होतं ते काकूंनी तीन मजल्यांवर एकदाही न थांबता खोटं पाडलं. खोलीच्या दारात अडल्या, तेव्हा सुनेने पाऊल आडवं टाकलं. अण्णांनी ते तिला जिना चढता चढताच शिकवून ठेवलं होतं. वासुदेव माझ्याकडे वळून म्हणाला, "मग, काय काय जमतं आईला?" मी म्हटलं, "ते तिलाच विचार आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा." माझी सगळी तपासणी एवढीच होती, आणि तीसुद्धा कुळथाच्या पिठल्याने केलेली.

काकू बऱ्या झाल्या असं मी सांगणार नाही. हा रोग मागे फिरत नाही. हात पूर्वीपेक्षा जास्त कापतो, आवाज अजून खोल गेलाय. अण्णा पावसाळ्याआधी वाडी बघायला एकटे जाऊन आले आणि आठवडाभरातच परतले. त्यांना मुंबई आवडत नाही, हे ते रोज सांगतात आणि रोज संध्याकाळी काकूंना घेऊन चौपाटीवर जातात.

दोघं पहिल्यांदा मुंबईला आले त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दुपारी वासुदेवाची बायको धावत दवाखान्यात आली. "लवकर चला. मामंजी सकाळी जेवून आडवे झाले ते उठतच नाहीत. असे कधी दिवसा झोपत नाहीत." मी बॅग घेऊन लंगडत तीन जिने चढलो. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते. बाहेर गॅलरीत पोरं ओरडत होती, खाली भांडीवाला ओरडत होता. काकू उशाशी बसल्या होत्या. मी नाडी पाहायला अण्णांचा हात उचलणार, तेवढ्यात काकूंचे ओठ हलले. मी हात तसाच धरून थांबलो.

"झोपलेत," काकू म्हणाल्या. "झोपू द्या."

मी हात हळूच गादीवर ठेवला, बॅग उचलली आणि सुनेला घेऊन बाहेर गॅलरीत आलो. पोरांना आधी गप्प केलं.